तापलेला चिपसेट आणि घरचा जमाखर्च

सुटे भाग आणून घरीच जोडलेला संगणक आज अनेक व्यापारी कुटुंबांत जमाखर्च सांभाळतो. दुकानाची बिले, मालाचा साठा, जीएसटीची विवरणे असे सारे त्यातच असते. अशा संगणकाच्या पडद्यावर चैत्र-वैशाखातील एखाद्या दुपारी चिपसेटचे तापमान 75 अंश सेल्सिअस दिसले, की घरची मंडळी धास्तावतात. ही धास्ती रास्त की अनाठायी, हे आधी ठरवावे.

प्रोसेसर हा पेढीचा मालक मानला, तर चिपसेट हा त्याचा मुनीम होय. यूएसबी, साटा डिस्क आणि काही एसएसडी यांची देवघेव त्याच्यामार्फत होते. एएमडीने 2019 साली आणलेला एक्स570 हा चिपसेट या बाबतीत विशेष गाजला. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीचा वेग त्याने दिला. सोबत सुमारे 11 वॉट उष्णताही आली. म्हणूनच त्याच्या बहुतेक बोर्डांवर छोटा पंखा असे. या चिपसेटला 60 ते 70 अंश नित्याचेच. खोली 10 अंशांनी तापली, की तोही जवळपास तितकाच तापतो. मात्र आकडा सतत 80 च्या वर राहिला, अथवा डिस्क मध्येच दिसेनाशी होऊ लागली, तर दुर्लक्ष करू नये.

सर्वांत आधी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. यंत्र पुन्हा विकत मिळते. वर्षभराच्या नोंदी मिळत नाहीत.

मग कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून संगणक अर्धा तास चालवावा. तापमान बरेच उतरले, तर हवेची वाट अडलेली आहे. जाळी धुवावी, पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाते ना ते पाहावे, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावे. फरक पडला नाही, तर संगणक बंद करून, प्लग काढून चिपसेटचा पंखा तपासावा. ब्लोअरने धूळ उडवताना पाते बोटाने धरून ठेवावे. बायोसमध्ये पंखा ‘सायलेंट’वर असल्यास वेग वाढवावा. ग्राफिक्स कार्डाखालील एसएसडी चिपसेटच्या जागेत असेल, तर ती प्रोसेसरला थेट जोडलेल्या जागेत हलवता येते.

इतके करूनही उतार पडला नाही, तर वाळलेले थर्मल पॅड बदलावे लागते. नवे पॅड जुन्याच जाडीचे हवे. अन्यथा हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. वॉरंटी शिल्लक असेल, तर हे काम सेवा केंद्राकडेच सोपवावे.

पुढे महिन्यातून एकदा तापमान वहीत टिपावे. रोजमेळ लिहिणाऱ्या हाताला हे जड नाही, आणि बिघाडाची चाहूल त्या नोंदीतूनच आधी लागते.