तोंडाची आग, खरी की खोटी?

मुलांनो, शाळा सुटल्यावर चिंचवड स्टेशनजवळ गरमागरम वडापाव घेतला, सोबतची मिरची कचकन चावली, की काय होतं? डोळ्यांत पाणी, कानांतून धूर! आपण ओरडतो, "तोंडाची आग झाली!"

पण गंमत बघा. चाकणच्या बाजारात येणारी हिरवी मिरची हातात धरा. ती कुठं गरम असते? मग ही आग कसली?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांना पडला. त्यांचा जन्म १९५५ सालचा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात ते संशोधन करू लागले. विषय होता, शरीराला वेदना कळते कशी? एकदा दुकानात तिखट सॉसच्या बाटल्या बघताना मिरचीचं कोडं त्यांच्या मनात घोळू लागलं. त्यांच्या पत्नी हॉली इंग्रॅहम स्वतः शास्त्रज्ञ. त्यांनी सांगितलं, मग लागा की कामाला!

काम सोपं नव्हतं. वेदना ओळखणाऱ्या मज्जापेशींत हजारो जनुकं असतात. त्यातलं मिरची ओळखणारं जनुक कोणतं? त्यांचे सहकारी मायकेल कॅटेरिना यांनी ही जनुकं मिरचीचा पत्ताच नसलेल्या दुसऱ्या पेशींत घातली. मग त्यांवर मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, सोडला. कोणती पेशी चमकून उठते ते बघायचं. नाही चमकली, की पुढचा गट. अखेर काही पेशी चमकल्या. जनुक सापडलं!

१९९७ साली जगाला कळलं, की मज्जापेशीच्या भिंतीत एक इवलंसं दार असतं. कॅप्सेसिन लागलं की ते उघडतं आणि मेंदूकडे निरोप धावतो. आणि खरी मेख पुढेच आहे. तेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअस उष्णतेलाही उघडतं! म्हणजे मिरची असो की तव्याचा चटका, मेंदूला निरोप एकच जातो : 'भाजतंय!' तोंडाची आग होते, असं आपण उगीच म्हणत नाही.

या दाराचं नाव टीआरपीव्ही-१. पक्ष्यांमध्येही ते असतं, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून तर पोपट खुशाल मिरच्या खातो!

पुढे २००९ आणि २०१० साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथून याच दाराबद्दल दोन निबंध आले. त्यांवरचं पहिलंच नाव तुम्हाला ओळखीचं वाटेल : अमोल पटवर्धन. केनेथ हारग्रीव्ह्ज आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांतून दिसलं, की त्वचा तापली की शरीरातल्या लिनोलिक आम्लापासून काही पदार्थ तयार होतात आणि तेही हे दार उघडतात. म्हणजे शरीर स्वतःची मिरची स्वतःच बनवतं म्हणा ना! हेच आम्ल आपल्या करडईच्या तेलातही भरपूर असतं.

२०२१ साली ज्युलियस यांना नोबेल पारितोषिक मिळालं. स्पर्श ओळखणारी दारं शोधणारे आर्डेम पॅटापूटियन त्यांचे जोडीदार होते.

तुम्ही म्हणाल, मग हे दार कायमचं बंदच करून टाका ना, दुखायलाच नको! औषध कंपन्यांनाही तसंच वाटलं होतं. पण दार बंद करणारी काही औषधं माणसांना देऊन पाहिली, तेव्हा कुणाला ताप चढला, तर कुणाला गरम वस्तू गरम लागेना. चटका कळलाच नाही, तर हात मागे कोण घेणार? वेदना म्हणजे घराचा पहारेकरी. तो ओरडतो म्हणून त्याला हाकलून द्यायचं नसतं.

आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागात कितीतरी घरांतून आई, बाबा किंवा काका कारखान्यात जातात. संध्याकाळी बोटावर फोड दिसतो. विचारलं तर म्हणतात, "काही नाही रे." त्यांना सांगा, भाजलं तर लगेच थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, टूथपेस्ट लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा. आजोबांना मधुमेह असेल तर त्यांचे तळपाय रोज बघा. मधुमेहात कधीकधी पायाची जाणीव कमी होते. खडा टोचला तरी पहारेकरी ओरडत नाही आणि जखम चिघळते.

आता माझी चूक सांगते. वर्गात कुणी "बाई, दुखतंय" म्हणालं, की मी पटकन म्हणायचे, "एवढ्यानं रडायचं? शूर ना तू?" हे सगळं वाचल्यापासून मी विचारते, "कुठं दुखतंय? कधीपासून? कसं, टोचल्यासारखं की भाजल्यासारखं?" पालकहो, तुम्हीही विचारून बघा.

आणि मुलांनो, दुखलं तर लपवू नका. पहारेकरी ओरडतोय, घरच्यांना हाक मारा!