कुत्र्याची खाज थांबेना? ॲलर्जीची टेस्ट आधी नको, शेवटी

पाऊस लागला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात भिंतींना ओल येते, कपाटं उघडली की बुरशीचा वास येतो. याच दिवसांत कित्येक घरांत कुत्रा रात्रभर पंजे चाटत बसतो, कान खाजवतो, सोफ्याला तोंड घासतो. दवाखान्यात नेलं की इंजेक्शन होतं, चार दिवस आराम पडतो आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मालक वैतागून म्हणतो, "डॉक्टर, एकदाची ॲलर्जीची टेस्टच करून टाका. कशाची आहे ते तरी कळेल."

गल्लत होते ती इथेच. आपल्या कुत्र्याला ॲलर्जी आहे की नाही, हे ती टेस्ट ठरवत नाही. अजिबात खाज नसलेल्या धडधाकट कुत्र्याची टेस्टही पॉझिटिव्ह येऊ शकते.

हा त्रास नेमका काय?

घरातल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, बुरशी, गवताचे आणि झाडांचे पराग यांच्यावर शरीर गरजेपेक्षा जास्त चिडून उठतं. माणसाला अशा वेळी शिंका येतात, कुत्र्याला बहुधा खाज सुटते. पंजे, काखा, पोट, कान आणि तोंडाभोवतीचा भाग या नेहमीच्या जागा. त्रास साधारण 6 महिने ते 3 वर्षं या वयात सुरू होतो. मांजर मात्र मान-डोकं खाजवून जखमा करतं, नाहीतर पोट चाटून चाटून केस घालवतं.

आधी हे तपासा

पहिला संशय पिसवांवर. आपल्या हवेत त्या बाराही महिने असतात. बारीक फणीने केस विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजा. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाज जास्त असेल तर संशय आणखी पक्का.

मग खरूज, बुरशी आणि जिवाणूंचा संसर्ग. यासाठी डॉक्टर कातडी खरवडून किंवा काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खर्च फार नसतो, पण उलगडा बराच होतो.

खाज वर्षभर असेल तर खाण्याची ॲलर्जीही बघावी लागते. त्यासाठी निदान 8 आठवडे डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच खाणं. मधे बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही! घरात आजी-आजोबा, मुलं असतील तर हेच सगळ्यात अवघड जातं.

मग टेस्ट कशासाठी?

एवढं सगळं बाजूला पडलं आणि खाज राहिली, तर निदान होतं. टेस्ट त्यानंतरची. कशाकशाविरुद्ध लस बनवायची, हे तिच्यावरून ठरवतात. टेस्ट दोन प्रकारची. एकीत छातीच्या बाजूचे केस काढून कातडीत वेगवेगळ्या घटकांचे अगदी छोटे डोस टोचतात आणि 15-20 मिनिटांनी कुठे गाठ येते ते पाहतात. दुसरी रक्ताची. कातडीच्या टेस्टआधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीच्या गोळ्या काही काळ बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा. रक्ताची टेस्ट करताना, लॅबच्या यादीत आपल्याकडची गवतं, विशेषतः काँग्रेस गवत, आहे का तेही विचारा. परदेशातल्या झाडांची यादी आपल्या काय कामाची?

उपचार

टेस्टवरून बनवलेली लस महिनोन् महिने द्यावी लागते. गुण यायला वर्षही लागू शकतं आणि प्रत्येकाला येतोच असं नाही. तोवर खाज आवरायला ऑक्लासिटिनिब, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधं आहेत. स्टेरॉइड वाईट नाही. थोडे दिवस, मोजून दिलं तर उपयोगीच. पण दर महिन्याला इंजेक्शन म्हणजे तहान, वजन आणि संसर्ग वाढणार, पुढे मधुमेहाचाही धोका. चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं.

घरी काय कराल?

- फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.
- डॉक्टरांनी दिलेल्या शॅम्पूने आठवड्याला आंघोळ घाला, फेस 10 मिनिटं राहू द्या.
- अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.
- पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी द्या. मात्र परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्याच्या जिवावर बेतेल.
- घरातली सर्दीची गोळी देऊ नका. त्यातलं पॅरासिटामॉल मांजराला मारक ठरतं.

ही ॲलर्जी सहसा कायमची जात नाही, पण आटोक्यात राहते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना खाज कधी सुरू झाली, कुठल्या महिन्यात वाढते, कोणती औषधं झाली, हे एका कागदावर लिहून न्या. टेस्टच्या आधी डॉक्टरांना लागते ती हीच माहिती.