आई पंप लावते, आवाज जातो

मे महिन्यात नागपूरच्या घरात टीव्ही ऐकायचा तर कूलरशी स्पर्धा करावी लागते. त्यापायी गेल्या उन्हाळ्यात होम थिएटर घेतलं. आठवडाभर झकास वाजलं आणि मग मधूनच मुकं व्हायला लागलं. चेंडू सीमेकडे निघालेला, चित्र व्यवस्थित, आणि समालोचकाचा आवाज सेकंदभर गायब. ना खरखर, ना खट्ट. लगेच काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू.

दुकानदाराने सेट बदलून दिला. नवाही तसाच. मग त्याने महागातली केबल गळ्यात मारली. भाचा म्हणाला, "मामा, कंपनीचा अख्खा लॉटच खराब असन."

जुन्या रेडिओचं बरं होतं. 585 किलोहर्ट्झवर आकाशवाणी नागपूर लागलेलं असताना कुणी ट्यूबलाइट लावली की रेडिओ खरखरायचा आणि कारण जागच्या जागी कळायचं. डिजिटल यंत्र दोष ऐकवत नाही, गिळून टाकतं.

टीव्हीतला आवाज होम थिएटरकडे नेणाऱ्या वाटेला एआरसी म्हणतात. 2009 साली एचडीएमआयच्या 1.4 या आवृत्तीबरोबर ती आली. केबलला 19 पिना असतात, त्यातल्या चौदाव्या पिनेवरून हा आवाज जातो. साधा दोन स्पीकरांचा आवाज घ्या. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येकाला 32 बिट, डावी-उजवी मिळून सेकंदाला 30 लाख 72 हजार बिट. गंमत म्हणजे या वाटेवर घड्याळासाठी वेगळी तार नाही. प्रत्येक बिटच्या सुरुवातीला विजेचा दाब पालटतो आणि त्या ठेक्यावरून पलीकडचं यंत्र आपली लय लावून घेतं. बाहेरचा एखादा झटका मध्ये घुसला की ठेका तुटतो. मग ते यंत्र स्पीकर बंद करतं, सम पुन्हा सापडेपर्यंत थांबतं आणि मगच वाजायला लागतं. चुकीचे बिट तसेच वाजवले तर कान किटतील असा कर्कश आवाज निघेल. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो ती शांतता यंत्राने जाणूनबुजून पाळलेली असते.

सीडीवर अडीच मिलिमीटरचा ओरखडा पडला तरी गाणं अडत नाही, कारण चूक दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती तबकडीवरच लिहिलेली असते. या तारेला तसली सोय नाही. दर 32 बिटांमागे पडताळणीचा एक बिट. काहीतरी चुकलंय एवढं त्यावरून कळतं, काय चुकलं ते नाही. तार स्वच्छच असणार, असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं. नागपूरचा मे त्यांनी पाहिला नसावा.

शेवटी वही काढली आणि आवाज गेला की वेळ लिहायला लागलो. 8.10, 8.34, 9.02, 9.25. फ्रिजशी जुळेना, स्टॅबिलायझरच्या टक्‌टक्‌शीही नाही. तिसऱ्या दिवशी वही हातात असतानाच आवाज गेला आणि मान वळवली, तर आई कूलरच्या बटणापाशी. खोली दमट झाली की ती पंप बंद करते आणि वारा तापला की पुन्हा लावते. रात्रभर हेच.

पंपात तारेची गुंडाळी असते. तिच्यातून वाहणारी वीज एकदम तोडली की ती थांबायला तयार नसते. दाब चढतो आणि बटणाच्या फटीतून ठिणगी उडते. बटण जुनं, आतून काळवंडलेलं असलं की जास्तच. ठिणगी म्हणजे रेडिओलहरींचा लहानसा स्फोट. जगदीशचंद्र बोसांनी 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच ठिणगीतून निघालेल्या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. आमच्याकडे तोच प्रयोग रोज होत होता, फक्त घंटा वाजण्याऐवजी समालोचक गप्प बसत होता.

महागाची केबल का फसली, ते टीव्हीमागे वाकल्यावर कळलं. ती कूलरच्या वायरीसोबत दोरीने बांधलेली होती, तीही मीच, नीटनेटकं दिसावं म्हणून. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. कूलर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला, केबल दीड फूट दूर नेली, पंपाचं बटण बदललं. आईला वीस वेळा खटखट करायला लावलं. आवाज एकदाही गेला नाही. "झालं का तुमचं?" ती वैतागून म्हणाली.

एवढ्याने भागलं नसतं तर ऑप्टिकल केबल होतीच. तिच्यातून प्रकाश जातो आणि ठिणगीला प्रकाशाशी देणंघेणं नाही. बटण बदलायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने जाता जाता अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरड्या मातीतून वीज धड उतरत नाही. सल्ला सोळा आणे खरा, टीव्ही असो-नसो.

सेटच पूर्ण बंद पडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बहुधा बंद कपाटातली उष्णता असते. दार उघडून पाहावं.

एक शांतता अजून उरली आहे. ओटीटीवरचा सिनेमा 5.1 मध्ये असतो, जाहिरात दोन स्पीकरांची. प्रकार बदलला की यंत्राला पुन्हा लय लावावी लागते, म्हणून प्रत्येक जाहिरातीच्या तोंडाशी अर्धा सेकंद काही ऐकू येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे सगळंच दोन स्पीकरांत, निवडलं तर तीही जाते, पण मग मागचे स्पीकर मुके होतात. आम्ही ते तसंच ठेवलंय. जाहिरात लागली की आई उठते, कूलरमध्ये पाणी किती उरलं ते बघून येते.