पुस्तक कोण सुचवतो?

गावातल्या ग्रंथालयात येणारा वाचक बहुधा एकच प्रश्न विचारतो : "काही चांगलं आलंय का?" या प्रश्नाला उत्तर द्यायला पुस्तक वाचलेला, वाचकाची आवड जाणणारा आणि ग्रंथालय उघडे ठेवून बसलेला माणूस लागतो. धाराशिव जिल्ह्यात असा माणूस टिकणे अवघड का होते, याचे कारण शोधताना वाचकांच्या अनास्थेपेक्षा कायद्याच्या आणि अनुदानाच्या इतिहासाकडे जावे लागते.

हा जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्यामुळे मराठी ग्रंथालय म्हणजे भाषा जपण्याची जागाही होती. पुढे हैदराबाद राज्याने 1955 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मुंबई राज्यात तेव्हा असा कायदा नव्हता. आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याआधी फक्त कोल्हापूर संस्थानाने, 1945 साली, तो केला होता. म्हणजे मागास म्हणून ओळखला जाणारा मराठवाडा या एका बाबतीत पुण्या-मुंबईच्या पुढे होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्यानंतर तिन्ही राज्यांनी आपापले ग्रंथालय कायदे केले : आंध्र प्रदेशाने 1960 मध्ये, म्हैसूरने 1965 मध्ये आणि महाराष्ट्राने 1967 मध्ये. पहिल्या दोन कायद्यांनी स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवला. ही कल्पना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून झालेल्या 1948 च्या मद्रास कायद्यातली. महाराष्ट्राने मात्र उपकर न लावता, लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना सरकारी तिजोरीतून अनुदान देण्याचा मार्ग धरला. उमरग्याहून हैदराबादच्या महामार्गाला लागले की थोड्याच अंतरावर कर्नाटकची हद्द येते. एके काळी एकाच राज्यात असलेल्या या दोन बाजूंना आज ग्रंथालयाचा पैसा दोन वेगळ्या वाटांनी पोचतो.

महाराष्ट्राच्या वाटेचे गुण मोठे आहेत. पंच मंडळी जमली, जागा मिळाली, पुस्तके गोळा झाली की ग्रंथालय उभे राहू शकले. त्यामुळेच राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या सुमारे 12 हजारांपर्यंत गेली. पुस्तके निवडण्याचे बरेचसे स्वातंत्र्यही गावाकडे राहिले. उपकराच्या राज्यांत सगळे आलबेल आहे असेही नाही. स्थानिक संस्था गोळा केलेला उपकर वेळेवर ग्रंथालयांकडे देत नाहीत, ही तिथली जुनी तक्रार आहे.

पण अनुदानाचा हिशेब मांडला की अडचण दिसते. ग्रंथसंख्या, सभासद, वाचनकक्ष आदी निकषांवर ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. खेड्यातले ग्रंथालय बहुधा ड किंवा क वर्गात असते. ड वर्गाचे वार्षिक अनुदान 30 हजार रुपये होते. 2022 मध्ये 60 टक्के वाढ होऊन ते 48 हजार झाले. त्यातला साधारण निम्मा वाटा वेतनाचा. म्हणजे त्या वाढीनंतरही ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपयेच आले. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वृत्तपत्रे, वीज, भाडे आणि बांधणी भागवायची. दोन हजारांवर काम करणारा माणूस शेत, दुकान किंवा मजुरी सांभाळूनच ग्रंथालय उघडणार. नवी पुस्तके वाचून ती सुचवायला त्याला वेळ कुठून मिळावा?

याचा परिणाम खरेदीवरही होतो. वर्षाची खरेदी एकदाच उरकायची असल्याने शासनमान्य यादी आणि विक्रेत्याची सवलत या दोन गोष्टी निवड ठरवू लागतात. दाखल नोंदवहीतला आकडा वाढतो. देवघेव नोंदवहीतला वाढेलच असे नाही. रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रे नेमकी इथे लागू पडतात : वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरे सूत्र माणसाशिवाय पुरे होत नाही. कुलूपबंद लोखंडी कपाटातले पुस्तक आपला वाचक स्वतः शोधू शकत नाही.

एक उदाहरण घ्या. भास्कर चंदनशिव हे कळंब तालुक्यातले कथाकार. बाजारात भाव न मिळाल्याने शेतकऱ्याने आपलेच टोमॅटो पायदळी तुडवावेत, हा त्यांच्या 'लाल चिखल' या कथेचा विषय. आठवडी बाजारातून रिकाम्या हाती परतणारा माणूस जिल्ह्यात आजही भेटतो. ही कथा त्याच्यापर्यंत पोचायला शासकीय यादी पुरत नाही. "हे वाच, तुझंच आहे" असे म्हणणारा कोणीतरी लागतो.

जानेवारी 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या जिल्ह्याच्या मुख्यालयी भरले. संमेलन तीन दिवसांचे असते, ग्रंथालय बारा महिन्यांचे. दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, त्यालाही हेच लागू आहे.

काही गोष्टी पैशावाचूनही होऊ शकतात. कपाटे वाचकांना खुली करता येतील. टेबलावर एक शिफारस वही ठेवून, परत आलेल्या पुस्तकाबद्दल वाचकाला दोन ओळी लिहायला सांगता येईल. त्या नोंदी पाहून पुढची खरेदी ठरवता येईल, आणि शेजारच्या गावच्या ग्रंथालयाशी वहीची अदलाबदलही करता येईल. पण ही वही सांभाळणार ग्रंथपालच. त्याचे वेतन जगण्याइतके झाले नाही, तर वहीही इतर नोंदवह्यांसारखी तपासणीपुरतीच भरली जाईल. हैदराबाद राज्याच्या कायद्याला 2025 मध्ये 70 वर्षे झाली. ज्या प्रदेशाला ग्रंथालयाचा कायदा महाराष्ट्राच्या बारा वर्षे आधी मिळाला होता, तिथल्या वाचकाने "काही चांगलं आलंय का?" असे विचारल्यावर समोर उत्तर देणारा असावा, ही मागणी फार मोठी नाही.