मीटरला हाक मारायला शिकवा

चाचणीच्या टेबलावर मीटरला जीपीआयबी केबलने संगणक जोडलेला असेल, तर ‘झालं का?’ असं सतत विचारत बसणं म्हणजे फुकटची दमछाक. १९८७च्या आयईईई ४८८.२ मानकात त्यावर तोड आहे. आधी ‘स्टार ईएसई ६०’ ही आज्ञा पाठवा: ४ + ८ + १६ + ३२, म्हणजे प्रश्न, उपकरण, अंमलबजावणी आणि आज्ञा या चारही चुकांचे बिट जागे. मग ‘स्टार एसआरई ३२’. आता चूक होताच मीटर त्या केबलवरून स्वतःच संगणकाला हाक मारतो. ही दुसरी आज्ञा द्यायची राहिली, तर चूक नोंदली जाते, हाक मात्र येत नाही. चूक कोणती, हे ‘स्टार ईएसआर?’ सांगतं, पण एकदाच, कारण वाचताच नोंद पुसली जाते. मीटर नुकताच चालू केल्यावर १२८ दिसलं तर घाबरू नका, ती वीज आल्याची नोंद आहे.