उतारवयांतील आरोग्यविमा : पारख आणि पालट

साठी उलटलेल्या माणसाच्या हातीं आरोग्यविम्याची जी पॉलिसी असते, तिची खरी किंमत वार्षिक हप्त्यावरून ठरत नाहीं. ती ठरते त्या पॉलिसीखालीं जमा झालेल्या वर्षांवरून. ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. दरसाल हप्ता भरावयाचा आणि आजारी न पडल्यास पैसे गेले असें समजावयाचें, इतकाच हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो. वास्तविक प्रत्येक हप्त्याबरोबर एक न दिसणारी ठेवहि साठत असते. मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारखा जो विकार पॉलिसी घेण्यापूर्वींच शरीरांत होता, त्याच्या उपचारांचा खर्च नवी पॉलिसी बहुधा लगेच देत नाहीं. हा प्रतीक्षाकाल पूर्वीं चार वर्षांपर्यंत लांबूं शकत असे. २०२४ सालीं तो फार तर तीन वर्षांवर आणण्यांत आला. मोतीबिंदु, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणें अशा ठराविक शस्त्रक्रियांसाठींहि बहुधा दोन वर्षें थांबावें लागतें. शिवाय पॉलिसी ६० महिने अखंड चालली, कीं माहिती लपविली या सबबीवर कंपनीला दावा नाकारतां येत नाहीं. सिद्ध झालेली लबाडी तेवढी अपवाद. हीं सारीं वर्षें अडुसष्टाव्या वर्षीं पुन्हां पहिल्यापासून मोजावयाचीं म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

ही ठेव न गमावतां एका कंपनीकडून दुसरीकडे जाण्याची सोय भारतांत १ ऑक्टोबर २०११ पासून आहे. तिला पोर्टेबिलिटी म्हणतात. याहून अगदीं वेगळा असा दुसरा हक्क म्हणजे ‘फ्री लुक’. नवी पॉलिसी हातीं पडल्यापासून ३० दिवसांच्या आंत, ती पसंत नसल्यास, परत करतां येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांकशुल्क वजा होऊन बाकीचा हप्ता परत मिळतो. या दोन हक्कांची गल्लत करणें हीच या विषयांतील सर्वांत महाग पडणारी चूक होय. ‘पॉलिसी बदलून तर पाहूं, नाहीं आवडली तर महिन्याच्या आंत परत करूं’ असें पुष्कळांच्या मनांत असतें. परंतु प्रचलित पॉलिसींच्या अटी वाचल्या, तर फ्री लुक हा केवळ नव्या पॉलिसीला लागू असतो, नूतनीकरणाला किंवा पोर्ट केलेल्या पॉलिसीला तो लागू नाहीं, असें त्यांत लिहिलेलें आढळतें. सारांश, जेथें वर्षांची ठेव बरोबर नेतां येते तेथें पारखून पाहण्याची सवड नाहीं. आणि जेथें ती सवड आहे तेथें वर्षें पहिल्यापासून मोजलीं जातात. अशा स्थितींत जुनी पॉलिसी संपूं देऊन नवी परत केली, तर तेलहि गेलें, तूपहि गेलें, अशी गत व्हावयाची.

म्हणून पारख करावयाची ती पालट करण्यापूर्वीं. नव्या योजनेचें संपूर्ण अटीपत्रक आधीं मागवून घ्यावें; रंगीत माहितीपत्रकावर भिस्त ठेवूं नये. घरांत रुग्णालयाचें एखादें जुनें बिल बहुधा असतेंच. तें समोर ठेवून नव्या अटींप्रमाणें त्यांतील किती रक्कम मिळाली असती, हें कागदावर मांडून पाहावें. समजा, नव्या पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि बिलांतील खोली ८,००० रुपयांची होती. वरचे ३,००० रुपयेच काय ते आपल्याला भरावे लागतील, असा भोळा समज असतो. पुष्कळ पॉलिसींत शस्त्रक्रियेची फी, शुश्रूषेचा आकार वगैरे खर्चहि त्याच प्रमाणांत, म्हणजे आठांस पांच या हिशेबानें, कापला जातो. ६४,००० रुपयांच्या अशा खर्चाचे ४०,००० च हातीं येतात. त्यावर बिलाचा ठराविक हिस्सा रुग्णानें स्वतः सोसावा अशी अट असेल, तर तोहि वजा जातो. आणि ज्येष्ठांच्या योजनांत ही अट वारंवार भेटते. स्वस्त हप्त्याचें रहस्य अशा बिलावरच उलगडतें. आपण नेहमीं जातों त्या रुग्णालयांत ही पॉलिसी रोकड न भरतां चालते काय, ही चौकशी तर तेथील खिडकीवर जाऊनच करावी.

पालटाचा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेपूर्वीं निदान ४५ दिवस करावा. नव्या कंपनीनें तो स्वीकारलाच पाहिजे असें नाहीं. प्रकृति पाहून ती नकार देऊं शकते. यासाठीं तिची लेखी संमति हातीं येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडूं नये, आणि तारीख जवळ आली असतां संमति न आल्यास जुन्या कंपनीचा हप्ता निमूटपणें भरावा. केवळ वय झालें किंवा पूर्वीं दावा केला, एवढ्यावरून तिला नूतनीकरण नाकारतां येत नाहीं.

आणखी एक बारकावा. पांच लाखांची पॉलिसी सहा वर्षें चालविलेल्या मधुमेही गृहस्थानें दहा लाखांची पॉलिसी पोर्ट करून घेतली, तर जुन्या वर्षांचा लाभ पहिल्या पांच लाखांनाच (आणि साठलेल्या बोनसला) मिळतो. वरच्या पांच लाखांसाठीं प्रतीक्षाकाल नव्यानें सुरू होतो. तसेंच, कांहीं एजंट ‘बदलून देतों’ असें म्हणून प्रत्यक्षांत अगदीं नवी पॉलिसी काढून देतात. नव्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर मूळ पॉलिसीच्या प्रारंभाची तारीख नोंदली आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी हा प्रकार उघडकीस येतो.

कंपनी न बदलतां तिच्याच दुसऱ्या योजनेंत जाण्याचीहि वाट आहे. नाराजी कंपनीवर नसून योजनेवर असेल, तर ही वाट कमी दगदगीची. सत्तरी गांठलेल्यांना तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान भारत’ योजनेखालीं, उत्पन्न न पाहतां, कुटुंबामागें वर्षाला पांच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. तींत पूर्वीच्या आजारांसाठीं थांबावें लागत नाहीं आणि खासगी पॉलिसी सोडावी लागत नाहीं. मात्र उपचार योजनेंतील रुग्णालयांतच मिळतात, आणि केंद्र सरकारच्या आरोग्ययोजनेचे लाभ घेणारांना दोहोंपैकीं एक निवडावें लागतें. जुन्या पॉलिसीचा हप्ता जड होऊं लागलेल्या घरीं, ती सोडण्यापूर्वीं, हें कार्ड काढून ठेवणें शहाणपणाचें.

इतकें करूनहि पालटानंतर जुनीं वर्षें मोजण्यास नव्या कंपनीनें नकार दिला, तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरांत उत्तर न आल्यास किंवा आलेलें उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. मुंबई आणि पुणें येथें त्यांचीं कार्यालयें आहेत. गोव्यांतील विमेदारांच्या तक्रारी पुण्यास जातात. फी नाहीं, वकील लागत नाहीं. अर्ज मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आंत पोंचला पाहिजे, आणि त्यासोबत जुन्या पॉलिसींच्या सर्व वर्षांच्या प्रती जोडाव्या.