वारसा आणि वाटणी, लेखांक 6 : मृत्युपत्र भावंडांना मान्य नसेल तेव्हा

मृत्युपत्र कसे करावे, ते मागच्या लेखांकात पाहिले. पण रीतसर मृत्युपत्र असूनही भावंडांत वाद होतो, आणि तोच जास्त कडवट असतो.

समजा, सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक वारले. पत्नी आधीच गेलेली. गावाकडे चार एकर जमीन, निवृत्तीच्या पैशांतून पुण्यात घेतलेला फ्लॅट आणि बँकेत ठेवी. थोरला गावी शेती करतो, धाकटा पुण्यात असतो, मुलगी नाशिकला दिलेली. दिवसकार्य उरकल्यावर थोरला मृत्युपत्र बाहेर काढतो. जमीन आणि फ्लॅट त्याला, ठेवी धाकट्याला, मुलीचा उल्लेखही नाही. धाकटा म्हणतो, "हे नानांनी केलेलंच नाही." थोरला म्हणतो, "त्यांचं दुखणं मी काढलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

दोघेही न्याय-अन्यायाचे बोलत असतात. न्यायालय मात्र वाटणी न्याय्य आहे का, हे सहसा पाहतच नाही. हिंदू वडिलांना स्वकष्टार्जित मालमत्ता एकाच मुलाला देता येते, अगदी परक्यालाही. (गोव्यात मात्र मुलांसाठी निम्मा वाटा राखीव असतो. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे वसियत चालत नाही.) न्यायालयापुढे प्रश्न दोनच असतात : मृत्युपत्र खरे आहे का, आणि त्यात जे दिले ते देण्याचा वडिलांना हक्क होता का?

पहिला प्रश्न घेऊ. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे किंवा 'ही सही माझी' असे त्यांच्याकडून ऐकलेले असावे, आणि मग त्यांच्यासमोर स्वतःची सही केलेली असावी. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. त्यामुळे 'नोंदणी नाही म्हणजे खोटे' हे जितके चूक, तितकेच 'नोंदणी झाली म्हणजे पक्के' हेही चूक. न्यायालयात निदान एका साक्षीदाराची जबानी व्हावी लागते. साक्षीदार वडिलांच्याच वयाचे घेतले असतील, तर इथे अडचण होते.

मृत्युपत्र खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये एच. व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलेले तत्त्व आजही आधाराला घेतले जाते : शंका घ्यावी अशी परिस्थिती असेल, तर ती शंका फेडणे हे मृत्युपत्र मांडणाऱ्याचे काम. सही थरथरती आहे, त्या काळात आजारामुळे वडिलांचे भान जात होते, जवळच्या वारसाला कारण न देता वगळले आहे, किंवा ज्याला सगळे मिळाले त्यानेच वकील गाठला, मसुदा करवला, साक्षीदार जमवले. अशा या गोष्टी. यातल्या एखाद्या गोष्टीने मृत्युपत्र पडतेच असे नाही. तीन-चार एकत्र आल्या की न्यायाधीश सावध होतात. मात्र फसवणूक झाली किंवा जबरदस्तीने सही घेतली, असा आरोप ज्याचा, पुरावाही त्यानेच द्यायचा असतो.

म्हणून आवाज चढवण्याआधी कागद गोळा करा. त्या तारखेच्या आसपासचे दवाखान्याचे केसपेपर, बँकेतल्या सह्या, पेन्शनसाठी सही करून दिलेला हयातीचा दाखला. हे कागद दोन्ही बाजूंच्या कामाचे असतात, आणि कधी कधी ते पाहूनच एक बाजू शांत होते.

दुसऱ्या प्रश्नाकडे घरात फार कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते निकाल बहुधा तिथेच दडलेला असतो. वरच्या उदाहरणातली चार एकर जमीन आली कुठून? ती पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबाची असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहहिस्सेदार आहे. ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही. मग या जमिनीत वडील आणि तीन मुले असे चार वाटे होतात. वडिलांचे मृत्युपत्र चालते ते एका एकरावर. उरलेले तीन एकर त्यांनी लिहून दिले तरी ते त्यांचे नव्हतेच.

पण जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असेल, आणि ते 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतर मृत्युपत्राशिवाय वारले असतील, तर त्यांच्याकडून वडिलांना आलेला वाटा ही वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते. नातवंडांना तिच्यात जन्माने हक्क नाही. 'आजोबांची जमीन आहे, नानांना देताच येत नाही' असे छातीठोक सांगणारे अनेक जण इथेच हरतात. म्हणून जुने फेरफार आधी काढा. जमीन कुणाच्या नावावर कधी आणि कशी आली, ते त्यांत सापडते.

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असेही नाही. ती महसुली नोंद आहे. तरीही फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्याच. सोसायटीतले किंवा बँकेतले नामनिर्देशनही वारस ठरवत नाही. आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळाले तरी त्यातून फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मालमत्ता मुळात कुणाची, हे प्रोबेट न्यायालय ठरवत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा.

मुलीबद्दल मला आवर्जून सांगायचे आहे. दिवसकार्याच्या धामधुमीत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याची रीत क्रूर आहे. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, आणि नोंदलेले हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे फार कठीण जाते. तिने त्या दिवशी सही करू नये. मसुद्याची प्रत घ्यावी आणि भावाच्या नव्हे, आपल्या वकिलाला दाखवावी. मृत्युपत्र टिकले नाही, तर तिघांचे वाटे सारखे आहेत.

खटला वर्षानुवर्षे चालतो, म्हणून तडजोडीला मी अधिक मोल देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये काळे खटल्यात कौटुंबिक व्यवस्थेला भक्कम मान्यता दिली. प्रामाणिकपणे केलेली तोंडी व्यवस्थाही ग्राह्य असते. तरीही ती लिहून काढा आणि नोंदवा. आमच्या उदाहरणात असे होऊ शकते : कसणारा थोरला जमीन ठेवतो, फ्लॅट विकून रक्कम धाकटा आणि बहीण घेतात, आणि थोरल्याने केलेल्या औषधपाण्याचा खर्च ठेवींतून आधी वळता होतो. त्याच्या सेवेची दखल कागदावर आली की त्याचा हट्टही बराच सैल होतो. मृत्युपत्राने असे काही साधेलच, याची खात्री नसते.

दावा दाखल झाल्यावरही ही वाट बंद होत नाही. न्यायालयामार्फत मध्यस्थी मागता येते. प्रकरण लोकअदालतीत मिटले, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो. त्यावर अपील नाही, आणि भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. पुढच्या लेखांकात हक्कसोडपत्र आणि वाटणीपत्र यांतला फरक पाहू.